दुसऱ्याच्या दुःखाचं गाणं

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाई जिथे भेटतात तिथे प्रकाशा नावाचं गाव आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या संगमावर माणसं राहत होती. आज मात्र हे गाव ओळखलं जातं ते 'दक्षिण काशी' म्हणून. खानदेशातले लोक अस्थी घेऊन इथे येतात, श्राद्ध करतात, संगमात अंघोळ करतात. केदारेश्वराचं देऊळ आहे, संगमेश्वराचं आहे, आणि एक पुष्पदंतेश्वराचंही आहे. काशीला जाऊन आलात तरी पुष्पदंतेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इकडे सांगतात.

हा पुष्पदंत गंधर्व होता, म्हणजे देवलोकातला गवई. कथा अशी की तो अदृश्य होऊन एका राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. एकदा नकळत त्याचा पाय शंकराच्या निर्माल्यावर पडला आणि त्याची शक्ती गेली. मग त्याने शंकराची स्तुती रचली. तेच शिवमहिम्न स्तोत्र, असं परंपरा मानते. ते ऐकून शंकर प्रसन्न झाला आणि त्याने त्याला क्षमा केली.

कथा बाजूला ठेवली तरी तिच्या पोटातले दोन दावे शिल्लक राहतात. पहिला दावा असा, की गाण्यातून एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात पोचतं. दुसरा त्याहून मोठा आहे: ते पोचल्यावर ऐकणारा काहीतरी करतो. पुष्पदंताचं गाणं ऐकून शंकर नुसता गहिवरला नाही, त्याने शाप मागे घेतला. यातला पहिला दावा आता बऱ्यापैकी सिद्ध झाला आहे. दुसऱ्याचं काय, हा प्रश्न याच शहादा तालुक्यातल्या एका कवीने फार टोकदारपणे विचारला. त्याच्याकडे जायचं तर आधी काश्मीर, देवगिरी, जर्मनी आणि बडोदा असा एक लांबचा फेरा मारावा लागेल.

स्वतःत अडकलेला प्रेक्षक

साधारण इसवी सन १००० च्या सुमारास काश्मीरमध्ये अभिनवगुप्त होऊन गेला. भरताच्या नाट्यशास्त्रावरची त्याची 'अभिनवभारती' ही टीका प्रसिद्ध आहे. रंगमंचावरचं दुःख खोटं असतं हे माहीत असूनही प्रेक्षकाला रस का मिळतो, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर शोधताना त्याने उलट बाजूने सुरुवात केली: रस मिळत नाही तेव्हा काय आड येतं? अशा सात विघ्नांची त्याने यादी दिली.

त्यातलं एक विघ्न आजही लगेच ओळखू येतं. माणूस स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला असतो, की समोर काय चाललं आहे तिकडे त्याचं मन जातच नाही. घरचं भांडण, उद्याची देणी, स्वतःचं अपयश असं सगळं घेऊन तो नाटकाला बसलेला असतो. यावरचा उपाय अभिनवगुप्त काय सांगतो? गाणं, वाद्यं, सजवलेलं नाट्यगृह. प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या गुंत्यातून सोडवण्यासाठी जागोजागी संगीत हवं, असं त्याचं म्हणणं.

संगीत भावना 'निर्माण' करतं, असं आपण सहज बोलून जातो. अभिनवगुप्ताच्या मते ते आधी जागा रिकामी करतं. 'मी, माझं' थोडं बाजूला सरलं की दुसऱ्याला आत यायला वाट मिळते. अशा तयार मनाच्या माणसाला आपल्या परंपरेत शब्द आहे 'सहृदय', आणि त्या घटनेला 'हृदयसंवाद'. हे दोन्ही शब्द मराठीत आजही चालतात, पण फक्त सत्कार समारंभाच्या भाषणात. मुळात ते मानसशास्त्राचे शब्द होते.

देवगिरीचा हिशेबनीस

अभिनवगुप्तानंतर दोनेक शतकांनी काश्मीरमधलंच एक घराणं दक्षिणेत आलं आणि यादवांच्या आश्रयाला देवगिरीत स्थिरावलं. त्या घराण्यातला शार्ङ्गदेव हा राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता. सिंघणाचं राज्य साधारण १२१० ते १२४७ पर्यंतचं. दिवसा जमाखर्च बघणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटकी हे दोन्ही संगीतप्रवाह ज्याला आपला आधारग्रंथ मानतात, तो सात अध्यायांचा ग्रंथ आपल्या औरंगाबादजवळच्या किल्ल्याच्या परिसरात तयार झाला.

शार्ङ्गदेवाने स्वर आणि रस यांची जोडी लावून दिली आहे. षड्ज आणि ऋषभ वीर, अद्भुत आणि रौद्रासाठी. धैवत बीभत्स आणि भयानकासाठी. गांधार आणि निषाद करुणासाठी. मध्यम आणि पंचम हास्य आणि शृंगारासाठी. ही कल्पना त्याच्या आधीपासूनची, पण हिशेबनिसाने ती अगदी खतावणीसारखी नेटकी मांडली.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे कोष्टक पाहिलं की ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं. तुमच्या फोनमधलं गाण्यांचं कुठलंही ॲप उघडा. 'सॅड', 'चिल', 'रोमँटिक', 'वर्कआऊट' असे कप्पे दिसतील. गाण्याची लय, सुरांची उंची, आवाजाचा जोर मोजायचा आणि त्यावरून त्याला भावनेचं लेबल चिकटवायचं. आठशे वर्षांनी कोष्टक तेच आहे, फक्त रकाने वाढले.

पण एकेका स्वराला एकेक भावना जोडून काम भागतं का? १९९९ मध्ये लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन या दोन संशोधकांनी एक सोपा प्रयोग केला. हिंदुस्थानी संगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांनी रागांचे तुकडे ऐकवले आणि यातून कुठली भावना व्यक्त होते असं विचारलं. आनंद, दुःख आणि राग या भावना श्रोत्यांनी ओळखल्या. शांत भाव मात्र तितका स्पष्ट ओळखता आला नाही. ओळखण्याच्या खुणा होत्या लय किती जलद आहे, चाल किती गुंतागुंतीची आहे अशा. दहा वर्षांनी थॉमस फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. कॅमेरूनच्या डोंगरातल्या, पाश्चात्त्य संगीत कधीही न ऐकलेल्या माफा लोकांना त्यांनी पियानोचे तुकडे ऐकवले. त्यांनाही आनंद, दुःख आणि भीती यातला फरक कळला.

म्हणजे परक्या गाण्यातली भावना काही प्रमाणात सरहद्द ओलांडून पोचते. त्यामागचं एक कारण साधं आहे: दुःखी माणूस हळू बोलतो, खालच्या पट्टीत बोलतो, त्याचा आवाज ओढल्यासारखा होतो. संथ, उतरतं गाणं त्या आवाजासारखं वाटतं, आणि आपलं मन त्याला माणसाच्या आवाजासारखाच प्रतिसाद देतं. एक रडायला लागलं की पाळणाघरातली बाकीची बाळंही रडायला लागतात, तसंच काहीसं. मानसशास्त्रात याला भावनेचा संसर्ग म्हणतात.

बडोद्याचं भाषण

आता जर्मनी. १८७३ साली रोबर्ट फिशर याने कलेविषयी लिहिताना 'आइनफ्यूलुंग' हा शब्द वापरला. अर्थ, आत शिरून अनुभवणं. पुढे थिओडोर लिप्स याने तो मानसशास्त्रात आणला. त्याचं आवडतं उदाहरण तारेवर चालणाऱ्या कसरतपटूचं होतं: खाली उभे असलेले आपण त्याच्याबरोबर मनाने तारेवर असतो, तो डुलला की आपलेही स्नायू आवळतात. १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर याने या शब्दासाठी इंग्रजीत 'एम्पथी' हा नवा शब्द घडवला. आज ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ऐकू येणारा हा शब्द अजून सव्वाशे वर्षांचाही नाही, आणि तो जन्मला कलेच्या चर्चेत. दुसऱ्या माणसाविषयी बोलण्यासाठी तो नंतर वापरला जाऊ लागला.

टिचनरनंतर बारा वर्षांनी, १९२१ साली, बडोद्याला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते नरसिंह चिंतामण केळकर, टिळकांचे सहकारी आणि 'केसरी'चे संपादक. त्या भाषणात त्यांनी वाङ्मयीन आनंदाविषयी एक उपपत्ती मांडली. नाव दिलं 'सविकल्प समाधी'.

शब्द योगशास्त्रातला आहे. निर्विकल्प समाधीत ध्यान करणारा आणि ध्यानाचा विषय यांतला भेद पूर्ण विरघळतो. सविकल्प समाधीत एकाग्रता असते, पण 'मी' आणि 'ते' हा भेद शिल्लक असतो. केळकरांचं म्हणणं असं की वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, पण स्वतःची जागा सोडत नाही. एकाच वेळी आपण आपणही असतो आणि दुसरेही. एका आयुष्यात दोन आयुष्यांचा अनुभव मिळतो, म्हणून आनंद होतो. पूर्ण विरघळलो असतो तर शोकांतिका बघताना नुसता शोक झाला असता, आनंद उरला नसता.

मराठी समीक्षेत या उपपत्तीवर बरीच चर्चा झाली, आक्षेपही आले. माणसामाणसांतल्या सहानुभूतीवर प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना मात्र पुढे असाच एक भेद सापडला. डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लोकांना संकटातल्या एका तरुणीची मुलाखत ऐकवली. काहींना सांगितलं, 'तिला काय वाटत असेल याची कल्पना करा.' काहींना सांगितलं, 'तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं याची कल्पना करा.' दोन्ही गटांत कळवळा वाढला. पण दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला स्वतःचीच घालमेलही वाढली. 'मी तिच्या जागी' असं म्हणताना मन तिच्यापेक्षा स्वतःभोवतीच फिरायला लागतं. अभिनवगुप्ताचं विघ्न मागच्या दाराने परत येतं.

२०१६ साली टुओमास एरोला आणि सहकाऱ्यांनी १०२ जणांना अनोळखी, शब्द नसलेलं करुण संगीत ऐकवलं. काहींना त्यातून शांत वाटलं, काही अस्वस्थ झाले, काही खोलवर हलले. हे हलणारे लोक कोण? ज्यांचा स्वभावच दुसऱ्यासाठी कळवळण्याचा आहे असे. तुम्ही एखादं करुण गाणं पुन्हा पुन्हा लावत असाल आणि घरचे त्यावरून चिडवत असतील, तर हा निष्कर्ष त्यांना जरूर दाखवा.

जात्याच्या दोन बाजू

इथवर ज्यांची नावं आली ते सगळे बसून ऐकणाऱ्या माणसाविषयी बोलत होते. पण आपल्याकडे शतकानुशतकं सगळ्यात जास्त गाणं झालं ते बसून ऐकण्यासाठी नव्हे, काम करताना. पहाटे जात्याला दोन बाया बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. माहेर, भाऊ, सासुरवास, मेलेलं मूल हे सगळं त्या ओव्यांत असायचं. ऐकणारी आणि गाणारी वेगळ्या नव्हत्याच.

खानदेशाचा या ओव्यांशी जवळचा संबंध आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करताना गाणी रचत गेल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्या तुम्ही आत्ताही फोनवर ऐकू शकता.

एका लयीत काम करण्याने काय होतं, यावरही प्रयोग झाले आहेत. २०१० मध्ये जर्मनीतल्या सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्यांना एकत्र गाणं-वाजवणं असलेला खेळ दिला, काहींना तसाच पण संगीत नसलेला. पुढे जोडीदार अडचणीत आला तेव्हा संगीताच्या खेळातली मुलं जास्त वेळा मदतीला धावली. पुष्पदंताच्या कथेतल्या दुसऱ्या दाव्याला, म्हणजे ऐकून माणूस काही करतो या दाव्याला, इथे थोडा पुरावा मिळतो. पण अट नीट बघा. ही मुलं श्रोते नव्हती. ती बरोबरीने गात होती.

शहाद्याचा प्रश्न

आता परत तापीकाठी येऊ. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी भिल्ल समाजात एक चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या. हजारो लोक आरतीला जमायचे. एकमेकांना 'आप' म्हणणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, कारण गावातला जमीनदार किंवा सावकार त्यांना कधीच 'आप' म्हणत नव्हता. १९३८ मध्ये गुला महाराज वारले, पण त्यांच्या भावाने, रामदास महाराजांनी, काम पुढे नेलं.

१९७० च्या आसपास शहादा भागात आणखी एक माणूस उभा राहिला, अंबरसिंग सुरतवंती. भजनी मंडळांतून लोकांना जोडणाऱ्या या भिल्ल कार्यकर्त्याला लोक 'महाराज' म्हणायचे. प्रश्न जमिनीचा होता. आदिवासींच्या जमिनी हळूहळू दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या होत्या आणि मालक होते ते आपल्याच शेतात सालदार झाले होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. शहरांतून शिकलेले तरुण कार्यकर्ते इथे येऊन राहिले. मोर्चे निघाले, जमिनी परत मिळवण्याचे आणि मजुरीचे लढे झाले. दारूच्या गुत्त्यांवर बायका चालून गेल्या.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे घडले. ते भिल्ल, चळवळीचे कार्यकर्ते, 'गोधड' या संग्रहाचे कवी. त्यांची 'स्टेज' ही छोटी कविता अनेक भाषांत गेली. तिच्यातली परिस्थिती एवढीच आहे: आदिवासींना स्टेजवर कुणी बोलावत नाही, खाली बसवतात, आणि स्टेजवरचे लोक त्यांना त्यांच्याच दुःखाची कहाणी सांगतात.

अभिनवगुप्तापासून बॅटसनपर्यंत सगळ्यांनी विचारलं की दुसऱ्याचं दुःख माझ्यापर्यंत कसं पोचतं. सोनवण्यांचा प्रश्न त्या 'दुसऱ्या'च्या बाजूने येतो: आमचं दुःख तुमच्यापर्यंत पोचलं, तुम्ही हललात, बोललात, गायलात. मग ते आता कुणाचं आहे? आणि ते सांगायची जागा आम्हाला कधी मिळणार?

लक्षात घ्या, हा प्रश्न निष्ठुर माणसांना विचारलेला नाही. निष्ठुर माणूस अशा स्टेजवर चढतच नाही. तो विचारला आहे सहृदयांना, ज्यांचे डोळे खरोखर भरून येतात त्यांना. म्हणूनच तो झोंबतो.

केळकरांची सविकल्प समाधी इथे पुन्हा उपयोगी पडते, आणि तिची मर्यादाही दिसते. 'मी तू नाही' हे भान ठेवून दुसऱ्याच्या आत शिरणं, हे केळकरांच्या वाचकाला आनंद देतं. पण तेच भान दुसऱ्या बाजूने वळवून बघा. 'मी तू नाही' याचा अर्थ 'तुझं दुःख सांगायचा पहिला हक्क तुझा आहे' असाही होतो. आनंदासाठी जे अंतर लागतं, तेच न्यायासाठीही लागतं. ते विसरलं की सहृदय माणूस दुसऱ्याचं दुःख स्वतःचं समजून वापरायला लागतो.

आता आपल्या फोनकडे बघू. पावरी ढोल, होळीची गाणी, जात्यावरची ओवी, शाहिरी जलसा हे सगळं आज तीस सेकंदांच्या तुकड्यांत आपल्यासमोर सरकतं. अंगावर काटा येतो, आपण हार्ट देतो, शेअर करतो. हा काटा खोटा नाही. प्रयोग सांगतात की तो खरा आहे, आणि बहुधा तुमच्या स्वभावातल्या कळवळ्याशी जोडलेला आहे. पण त्या तुकड्याखाली गाणाऱ्याचं नाव असतं का? गाव असतं का? त्या रीलमधून आलेले पैसे त्याच्यापर्यंत जातात का? पुढच्या कार्यक्रमाचं निवेदन तो करतो, की त्याच्या वतीने दुसरं कुणी?

यातल्या पहिल्या दोन गोष्टी करता येतात, याचा नमुना 'पारी'वर आहे: तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. इतका साधा रकाना. आठशे वर्षं आपण स्वरापुढे भावनेचा रकाना भरत आलो. त्या कोष्टकात गाणाऱ्याचाही रकाना असायला हवा, हे सुचायला फार वेळ लागला. काम कोष्टकं बांधण्याचं असल्यामुळे मला एवढं नक्की सांगता येतं, की रकाना वाढवणं अजिबात कठीण नसतं. तो हवा आहे असं कुणाला तरी वाटावं लागतं.